अनुदानाची बोट आणि तानीची कोंबडी

"खोडा म्हणते ना! माझं नाव आत्ताच्या आत्ता खोडा!"

"आक्का, असं खोडता येत नाही हो. यादी वर गेलीय."

"मी अजून खाली हाय आन् माझी यादी वर गेलीया?"

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या नोटिशीशेजारी एक कोरा करकरीत कागद चिकटवला होता. मथळा ठळक: 'आपत्तीप्रसंगी पहिल्या फेरीत हलवावयाच्या असहाय व्यक्ती'. आणि क्रमांक एकवर कोण? मी! इंदुबाई, वय चौऱ्याहत्तर, असहाय!

समोर संस्थेची प्राजक्ता मॅडम. कुपवाडहून स्कूटीवर येते, वय माझ्या नातीएवढं, हेल्मेट अजून हातातच. सरपंच मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेले. पायरीवर सलीमचाचा पिंजारी, गावाच्या गाद्या भरणारा, मिशीत हसत. आणि दाराच्या चौकटीला टेकून, नऊ वर्षं उभी असते तशी माझ्याकडे पाठ करून, माझी धाकटी जाऊ तानुबाई.

"असहाय म्हंजी ज्याला कुणी न्हाई त्यो. मला हाय की! माझी जीभ हाय!" मी म्हणाले.

तर हे भांडण कुठवर गेलं ते सांगणारच आहे. पण भांडण मधूनच ऐकलं की माणूस उगाच समोरच्याची बाजू घेतो, म्हणून आधी मागचं ऐका. पूर ओसरला की घरात गाळ राहतो आणि अनुदान ओसरलं की गावात किस्से राहतात. गाळ चार दिवसांत खोऱ्यानं ओढून काढता येतो. किस्से निघत नाहीत. थरावर थर!

* * *

आमचं गाव आष्ट्याहून नदीकडं उतरलं की लागतं. कृष्णेला घाट आहे, घाटाला चाळीस पायऱ्या. आणि आम्ही त्या वरून मोजतो. वरची ती पहिली, पाण्यातली ती चाळिसावी. पाणी किती चढलं ते सरकारनं मोजावं. आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला किती राहिलं, ते आम्ही मोजतो. अकराव्या पायरीला पाणी लागलं की जनावरं माळावर, सातव्या पायरीला लागलं की माणसं. हे मोजायचं काम सासऱ्यांच्या मागं माझ्याकडं आलं. पगार नाही, मान आहे. पावसाळ्यात उठल्याबरोबर लोक आधी देवाला नमस्कार करतात आणि मग मला विचारतात, "आक्का, किती राहिल्या?"

मागच्या मोठ्या पुरात पायऱ्या संपल्या. सगळा गाव माळावरच्या शाळेत गेला. मी मात्र मारुतीच्या कट्ट्यावर. मोजायला काही उरलं नव्हतं, पण म्हणून जागा सोडायची?

जवानांची बोट आली. वाट दाखवायला पुढं सलीमचाचा. बोट आधी आमच्या गल्लीत गेली. आमची म्हणजे माझी आणि तानीची, दोन सख्ख्या भावांची घरं, मधे एक भिंत. तानी माळ्यावर चढून बसलेली. चाचा म्हणाला, "उतरा, वहिनी."

तानी म्हणाली, "माझी कोंबडी अंड्यांवर बसलीया. दोन दिसांत पिल्लं निघत्याली. तवर मी हलत न्हाई."

जवान मराठी नव्हता. त्यानं चाचाला विचारलं. चाचा म्हणाला, "साब, मुर्गी का मामला है."

बोट दुसऱ्यांना घेऊन गेली. दुसऱ्या फेरीला परत तेच. कोंबडी! तिसऱ्या फेरीला त्यांनी आधी मारुतीकडे येऊन मला उचलली. मी शिव्या देत होते, जवानाला वाटलं आशीर्वाद देतेय, तो हात जोडत होता. मग बोट गल्लीत वळली. तानीनं माळ्यावरून खाली बोटीत बघितलं, लुगडं खोचलं आणि मुकाट्यानं उतरून बसली. माझ्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता. आमचा अबोला.

बोट निम्म्या वाटेवर आली तसा चाचा ओरडला, "आवं वहिनी, कोंबडी!"

"ऱ्हाऊ द्या," तानी म्हणाली.

घ्या! जिच्यापायी जवानांना दोनदा माघारी लावलं, तीच विसरली! पूर ओसरल्यावर माळ्यावर कोंबडीची पाटी सापडली, रिकामी. नदीनं नेली म्हणालो. तेव्हापासून तानीला गावात 'कोंबडीवाली' हेच नाव पडलं. कवठे महांकाळकडच्या आमच्या पाहुण्यांना पूर म्हणजे काय ते ठाऊक नाही, टँकर तेवढा ठाऊक. त्यांना पूर समजावून सांगायचा तर मी हाच किस्सा सांगते. पोट धरून हसतात. भावकीतलं कार्य असलं की तानी तिथंच भाकऱ्या थापत असते, पण कधी एक शब्द बोलली नाही. बोलणार काय!

आणि अबोला कशावरून? तर तिच्या मोरीचं पाणी माझ्या दारात येतं यावरून. नऊ वर्षं! एकमेकींना सांगायचं ते भिंतीला सांगतो. आणि पुरात नदी काय करते? तिच्या दारानं शिरते आणि माझ्या दारानं निघते!

* * *

पुरानंतर पहिलं अनुदान आलं ते मन मोकळं करायचं. शहरातून एक समुपदेशक सर आले. शाळेच्या व्हरांड्यात आम्हा बायकांना गोल बसवलं. हळू आवाजात म्हणाले, "डोळे मिटा. या पुरात तुम्ही काय गमावलंत ते आठवा. जे आत दाबून ठेवलंय, ते बाहेर येऊ द्या."

मग कुंभाराची शालन डोळे मिटूनच म्हणाली, "माझी पितळी परात. आईनं नाव घालून दिल्याली."

शेजारच्या शकूनं डोळे उघडले. "कडंला चेपल्याली? ती माझ्याकडं हाय की! आन् माझं घमेलं?"

झालं! पुरात सगळ्या गावाची भांडी तरंगत या घरातून त्या घरात गेली होती. बायका उठल्या, घराकडं पळाल्या आणि भांडी घेऊन आल्या. व्हरांड्याचा बाजार झाला. आमच्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात ठेवत नाहीत, पण वाचणार कोण? मी! शाळेची पायरी मी चढलेली नाही. आष्ट्याच्या स्टँडवर अंडी विकता विकता एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. म्हणून मला आधी 'जलद' वाचता आलं, 'अ' नंतर. तर मी एकेक भांडं उचलून नाव पुकारत होते, बायका हिसकाहिसकी करत होत्या, आणि मधोमध सर मांडी घालून बसलेले. उठायला जागाच नव्हती.

त्यांनी अहवालात लिहिलं, 'सहभागी महिलांच्या दबलेल्या भावना मोठ्या प्रमाणावर बाहेर आल्या.'

भावना कसल्या, परात बाहेर आली!

माझ्या घरात तानीच्या नवऱ्याच्या नावाचा तांब्या निघाला. भांडं रिकामं परत देऊ नये अशी रीत आहे. मी मुद्दाम रिकामा पाठवला, सलीमचाचाच्या हातून. कळू दे म्हटलं! दुसऱ्या दिवशी तिच्याकडून माझी पाटी परत आली, शेवग्याच्या शेंगांनी भरून. भांडायची रीतसुद्धा माहीत नाही बाईला!

* * *

मग पूर्वतयारीचं अनुदान निघालं. एका मोठ्या कंपनीचा पैसा, प्राजक्ता मॅडमची संस्था आणि आमचं गाव. त्याआधी प्रस्ताव भरायचा. पहिला प्रश्न: 'गावातील प्रमुख आपत्ती प्राधान्यक्रमाने लिहा.'

ग्रामसभा भरली. लिहायला मी.

"पूर!" "लिहिलं."

"उसातला बिबट्या!" "लिहिलं."

"माकडं!" "लिहिलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "सरपंच!"

सरपंचांनी पान थुंकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लिवा की. फकस्त शेवटाला लिवा."

मी लिहिलं. मी कशाला सोडते! पण मॅडम हुशार. तिनं टाईप करताना त्याचं केलं, 'स्थानिक नेतृत्वाच्या क्षमतावृद्धीची गरज.' आणि काय सांगू, बिबट्याला काही मिळालं नाही, माकडांना काही मिळालं नाही, त्या शेवटच्या ओळीला मात्र लगेच मंजुरी आली. सरपंच तीन दिवस महाबळेश्वरला ट्रेनिंगला जाऊन आले. येताना स्ट्रॉबेरी घेऊन आले. आपत्तीला अनुदान, तेही थंड हवेच्या ठिकाणी!

दुसरा प्रश्न होता: 'आपत्तीमध्ये महिलांची भूमिका काय?' मी लिहिलं, 'आधी सांगणे. नंतर, मी सांगितलं होतं म्हणणे.' मॅडम लय हसली. पण वर पाठवताना तिनं वेगळंच काहीतरी पाठवलं.

* * *

अनुदानातून घाटावर सिमेंटचा खांब उभा राहिला, पाण्याची पातळी वाचायला. आकडे टाकायला आष्ट्याचा रंगारी आला. त्यानं मला विचारलं, "आज्जी, पयली पायरी कंची?"

मी वरची दाखवली. त्यानं वर एक घातला आणि खाली चाळीस. मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, गावालाही वाटलं नाही. पिढ्यान् पिढ्या असंच मोजतोय!

श्रावणात नदी फुगली. महाबळेश्वरहून शिकून आलेले सरपंच खांबापाशी छत्री धरून उभे. तालुक्याला फोन लावला. "सायेब, सकाळी तेवीस हुतं, आता अठरावर आलंया."

पलीकडून साहेब म्हणाले, "वा, ओसरतंय म्हणजे. मग तुमच्या जनावरांसाठी ठेवलेला ट्रक दुसऱ्या गावाला लावतो."

मी फोन हिसकावला. "आवं सायेब, आकडा उतरला म्हंजी पाणी चढलं!"

साहेब म्हणाले, "आजी, फोन सरपंचांना द्या."

"तुमचा ट्रक येऊस्तोर शून्य हुईल, मग तुमी म्हणशीला पाणीच न्हाई!"

नशीब, पाणी चौदाव्या पायरीवर थबकलं. मॅडम रंगाऱ्याला घेऊन धावत आली, म्हणाली, आकडे उलटे करा. गाव म्हणालं, मुळीच नाही, आमचे सुलटेच आहेत. दोन दिवस वाद. शेवटी तोड निघाली. खांबाला दोन बाजू! आता नदीच्या अंगानं बघितलं तर सरकारी पूर, गावाच्या अंगानं बघितलं तर आमचा.

* * *

मग भोंगा. ग्रामपंचायतीच्या छतावर बसवला. वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून माळावरच्या शाळेत जायचं, अशी दवंडी दिली.

चाचणी सकाळी साडेदहाला. भोंगा वाजला, कान बसले. मॅडम घड्याळ लावून शाळेत उभी. दहा मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली. माणूस नाही!

झालं काय, तर आमचा सगळा मुलूख साखर कारखान्याच्या भोंग्यावर जेवतो. भोंगा वाजला, भांगलणाऱ्या बायका बांधावर आल्या, भाकरी सोडली. "आज लवकर झाला गं," एवढंच म्हणाल्या. कारखान्यात कामाला असलेला एकजण झोपेतून उठला, पाळी चुकली म्हणून अर्धी बटणं लावत मोटारसायकलवर कारखान्याच्या गेटापर्यंत जाऊन आला.

शाळेत पोचला एकटा सलीमचाचा. धापा टाकत. मॅडमला भरून आलं. तिनं त्याचा फोटो काढला, अहवालात लिहिलं, 'एका ज्येष्ठ नागरिकाने इशाऱ्याला तात्काळ प्रतिसाद दिला.'

चाचा मागाहून मला म्हणाला, "इंदाक्का, माझी शेळी सुटून तिकडं गेलती."

मी मॅडमला म्हणाले, "ह्यो भोंगा झाकून ठिवा. पाणी अकराव्याला लागलं की मी हाळी देतीया."

"पण आक्का, तुमच्या आवाजाची रेंज किती?"

"आष्ट्यापतूर!"

* * *

रबरी बोट आली, तिच्याबरोबर प्रशिक्षक आले. नदीकाठी प्रात्यक्षिक. ते म्हणाले, "एकजण बुडालेला व्हा, बाकीचे त्याला वाचवा."

बुडालेला व्हायला कोणी तयार होईना! एक पैलवान उठला, तर त्याच्या बायकोनं त्याचा सदरा धरून खाली बसवला. "जित्या माणसाला बुडाल्याला म्हणायचं? जीभ झडंल तुमची!"

शेवटी प्रशिक्षक स्वतःच पाण्यात आडवे झाले. त्यांना बोटीनं बाहेर काढलं, टाळ्या झाल्या. ते उठून कपडे बदलायला निघाले, तर बायकांनी वाट अडवली. पाण्यातून परत आलेल्या माणसावरून भाकरतुकडा उतरून टाकल्याशिवाय त्याला गावात घेत नाहीत. आणि एका घरानं टाकला की दुसरं घर मागं राहतं होय? साठ घरं! ते बिचारे ओल्या बनियनवर घाटाच्या पायरीवर बसलेले, अंगावर शहारे, आणि एकेक बाई येऊन ओवाळतेय. कावळे जमले.

ते कुडकुडत म्हणाले, "आक्का, हे आमच्या नियमावलीत नाही."

"तुमच्या नियमावलीत मानूस भाईर काढूस्तोर हाय. फुडलं आमच्यात हाय. बसा!"

सगळ्यांत शेवटी तानी आली. कुणीतरी म्हणालं, "कोंबडीवाली, आता कोंबडी कशी वाचवायची त्येचंबी ट्रेनिंग घ्या!" घाट हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी. तानीनं तुकडा ओवाळला, लांब फेकला, हात झटकले आणि पायऱ्या चढून निघून गेली.

* * *

वीस लाईफ जॅकेटं आली. भगवी, चकचकीत. सरपंचांनी प्लॅस्टिकसकट कपाटात कुलूपबंद केली. का? तर मळतील! तपासणीला साहेब आले तर नवी दिसली पाहिजेत.

पण सलीमचाचाचा जन्म गाद्या भरण्यात गेला. आत काय भरलंय ते कळल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्यानं एक जॅकेट मागून नेलं आणि शिवण उसवली. तसाच धावत आला. "फसवलं तुम्हांला! ह्यात कापूस न्हाई, काथ्या न्हाई, कायच न्हाई! नुस्ता फेस हाय, फेस!"

आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं ते सावरीच्या कापसानं भरून, पक्की शिवण घालून परत आणून दिलं. प्रशिक्षक चिडले. म्हणाले, नदीत टाकून बघू. दोन्ही टाकली, वर दगड बांधून. चाचाचं जॅकेट एक इंच वर तरंगलं!

प्रशिक्षक म्हणाले, "तरीपण चालणार नाही. याच्यावर शिक्का नाही."

चाचा म्हणाला, "शिक्का बुडतोय सायेब, कापूस न्हाई."

* * *

आता ती यादी.

मॅडम घरोघर फिरली. 'पूर आला तर हलवायला मदत लागेल अशी असहाय व्यक्ती घरात आहे का?' पहिल्या दिवशी एकही नाही! दोन्ही डोळ्यांनी आंधळा धोंडीबापू म्हणाला, "मला दिसत न्हाई, पर मी असहाय न्हाई. माझी म्हस मला घिऊन जाती."

रात्रीत बातमी फुटली की यादीतल्या माणसाला एक पिशवी मिळणार. पिशवीत बॅटरी, शिट्टी आणि ब्लँकेट. दुसऱ्या दिवशी निम्मा गाव असहाय! तो पैलवान, ज्याचा दंड माझ्या कमरेएवढा, तो रांगेत उभा. म्हणे, गुडघा दुखतोय. मी पेन घेऊन मॅडमशेजारी बसले आणि एकेकाचं नाव खोडत गेले. खरी नऊ नावं राहिली. कागद मीच घडी करून मॅडमच्या हातात दिला.

आठवड्यानं भिंतीवर लागला तेव्हा नावं दहा. आणि क्रमांक एक, मी!

तर आता परत ग्रामपंचायतीत चला. मॅडमचं हेल्मेट हातातच आहे आणि माझा आवाज आष्ट्यापर्यंत गेलाय.

"राहू द्या की आक्का नाव," सरपंच मोबाईलमधून मान काढून म्हणाले. "नावानं काय हुतंया?"

"काय हुतंया? मॅडम, नियम वाचा तुमचा. मोठ्यानं वाचा!"

मॅडमनं खाली बघत वाचलं. यादीतल्या व्यक्तींना पहिल्या इशाऱ्यालाच बोटीत बसवून हलवायचं. यादीतली व्यक्ती बचाव पथकात किंवा पाण्यावर नजर ठेवण्याच्या कामात असू शकत नाही. घाटावर प्रशिक्षित स्वयंसेवक नेमायचा.

"म्हंजी मी शाळंत जाऊन ब्लँकेट पांघरून बसायचं, आन् माझ्या पायऱ्या दुसऱ्यानं मोजायच्या? जो खांबाच्या कुठल्या बाजूनं वाचायचं ते फोन करून इचारंल त्यानं?" माझा आवाज जरा फाटला. खोटं कशाला सांगू. त्या घाटावर मला लोक विचारतात, 'आक्का, किती राहिल्या?' घरी विचारायला कोण आहे मला? मुलगा पुण्यात, नवरा देवाघरी, शेजारीण भिंतीपलीकडं. तो घाट काढून घेतला तर मी खरीच असहाय की!

"नाव घातलं कुणी? नऊ नावं मी दिली. धावं कुठनं आलं?"

मॅडम चाचपडली. "तुमच्या... तुमच्या घरातूनच आलं, आक्का."

"माझ्या घरात मी एकटी ऱ्हाते!"

"म्हणजे भावकीतून."

सगळ्यांची मान दाराच्या चौकटीकडं वळली. मला कळलं. मी भिंतीकडं तोंड केलं आणि भिंतीला म्हणाले, "सांगा कुणीतरी तिला! सूड उगवायचा तर मोरीच्या पाण्यानं उगव म्हणावं. माझा घाट कशाला काढून घेतीस?"

तानी चौकट सोडून आत आली. भिंतीकडं नाही, सरपंचांकडं नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड मी इतकं जवळून बघितलं. म्हातारी झालीय.

"व्हय आक्का, मी घातलं," ती म्हणाली. "गुडघं गेलं माझं. आता माळ्यावर चढाय येत न्हाई. तुमी पयल्या बोटीत बसलासा, की मलाबी बसाय येतंय."

"तुला कुणी धरलंय गं? बस की! मागच्या पुरात दोन बोटी माघारी लावल्यास, त्या काय माझ्यापायी लावल्यास? कोंबडीपायी लावल्यास!"

सगळे हसले, नेहमीसारखे. सलीमचाचा तेवढा हसला नाही. तानीनं पदर सारखा केला आणि सगळं थांबेपर्यंत वाट बघितली.

"कोंबडी तर पुराच्या आदल्या म्हैन्यातच मुंगसानं नेलती, आक्का."